बूट कोणता, पाय कसा, रस्ता कुठला: धावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव जोर धरतो. भरतीची तयारी करणारी मुले-मुलीही मैदानावर उतरतात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे बुटांबद्दलच होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे देत आहोत.

प्रश्न : दुकानात मशीनवर उभे करून सांगितले, की तुमचे तळपाय सपाट आहेत, घोटे आत झुकतात, तेव्हा ‘स्टॅबिलिटी’ (कमानीला आतून आधार देणारे) शूजच घ्यावे लागतील. ते बरेच महाग आहेत आणि घातल्यावर कमानीखाली गोळा आल्यासारखे टोचतात. मी आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावते. आजवर काही दुखलेले नाही. घ्यावेत का? (वाचक, नाशिक)

घेऊ नका. दुखत नाही आणि नवे बूट टोचतात, एवढ्या दोन गोष्टी नकार द्यायला पुरेशा आहेत.

पाऊल जमिनीवर टेकल्यावर थोडे आत कलते ते धक्का जिरवण्यासाठी. त्याला प्रोनेशन म्हणतात आणि ते प्रत्येकाच्या पायात कमी-अधिक असतेच. ओल्या पायाचा ठसा पाहून किंवा मशीनवरच्या रंगीत चित्रावरून कमान किती उंच आहे याचा अंदाज येतो, पण तुम्ही त्या वेळी उभ्या असता, धावत नसता. अमेरिकी सैन्याच्या नव्या प्रशिक्षणार्थींवर याचे मोठे अभ्यास झाले. एका गटाला कमानीच्या आकारानुसार बूट दिले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक पडला नाही. उलट बाजूही सांगायला हवी : ज्यांचे पाऊल खरोखर बरेच आत कलते, अशा धावपटूंना आधार देणाऱ्या बुटांचा फायदा झाल्याचे लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात दिसले आहे. म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा नडगीला वारंवार दुखत असेल आणि जुन्या बुटांची टाच आतल्या बाजूने स्पष्ट दबलेली असेल, तर स्टॅबिलिटी शूज जरूर घालून पाहावेत. कॅलगरी विद्यापीठातले संशोधक बेन्नो निग यांनी मांडलेली कसोटी मात्र सगळ्यांना लागू पडते : धावताना जो बूट पायाला सुखाचा वाटतो, त्याला पहिली पसंती.

सुखाचा वाटण्यासाठी माप बरोबर हवे आणि बहुतेकांचे तिथेच चुकते. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांब धावण्यातही तसाच फुगतो. धावताना घालता तेच मोजे घालून भिंतीला टाच टेकवा, कागदावर पूर्ण वजन देऊन उभ्या राहा आणि सर्वांत पुढे येणाऱ्या बोटासमोर दुसऱ्या कुणाला तरी खूण करायला सांगा. स्वतः वाकलात की वजन सरकते आणि माप चुकते. सर्वांत पुढचे बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांची दुसरी बोटे लांब असतात. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा.

दुकानात बुटातला इनसोल (आतला सुटा तळ) बाहेर काढून त्यावर उभ्या राहा. पुढच्या बोटापुढे १० ते १२ मि.मी., म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि पावलाची कड इनसोलच्या बाहेर सांडता कामा नये. ही एक चाचणी मशीनपेक्षा जास्त सांगते. यूके मापात एक नंबर म्हणजे सुमारे ८.५ मि.मी. आणि अर्धा नंबर म्हणजे सुमारे ४ मि.मी. रोजच्या चपलेपेक्षा धावण्याचा बूट अर्धा ते एक नंबर मोठा लागला तर बिचकू नका.

लांबी बरोबर आहे, पण करंगळी दाबली जाते, अशा वेळी आणखी मोठा नंबर घेण्याची चूक सर्रास होते. मग बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे जाते, टाच आत-बाहेर सरकते आणि फोड येतात. अशा पायाला रुंद बूट हवा. पुरुषांच्या मापात ‘डी’ ही नेहमीची रुंदी, ‘२ई’ रुंद आणि ‘४ई’ जास्त रुंद. बायकांच्या मापात ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. बायकांचे रुंद बूट आपल्याकडच्या दुकानांत फारसे ठेवत नाहीत. तेव्हा त्याच यूके नंबरचा पुरुषांचा बूट घालून पाहा. रंग आवडला नाही तरी पाय आवडून घेतो.

शेवटी दोन्ही बूट बांधून दुकानाच्या दारात दोन-तीन मिनिटे धावा. टाच उचलली जाऊ नये, पावलाच्या वरच्या बाजूला नाडीचा दाब जाणवू नये. ‘वापरून सैल होतील’ असे कुणी म्हटले तर ते मनावर घेऊ नका. जाळीचे कापड थोडे सैलावते, बुटाचा साचा बदलत नाही.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सहा-सात किलोमीटर आणि संध्याकाळी मैदानावर १०० मीटरचे राउंड मारतो. बाजारातून सातशेचे स्पोर्ट्स शूज घेतलेत. महिन्याभरात दोन्ही नडग्या दुखायला लागल्या. कोणते बूट घेऊ? बजेट दोन हजार. काही मित्र म्हणतात, अनवाणी पळ. (वाचक, परभणी)

बूट बदलावे लागतील, पण आधी नडगी तपासा. नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत खालून वर या. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे दुखत असेल, धावायला लागल्यावर दुखते आणि अंग गरम झाल्यावर कमी होते असे असेल, तर हाडालगतच्या भागावर ताण आलेला आहे. तो विश्रांतीने आणि भार कमी केल्याने बरा होतो. एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवरच कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना ती कळ उठत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणे त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेमध्ये अशी चीर बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणे तसेच राहिले, तर परत जा. याकडे दुर्लक्ष करून पुढची भरतीही हातची जाऊ शकते.

आता बूट. बाजारातल्या स्वस्त स्पोर्ट्स शूजचा तळ बहुधा पीव्हीसीचा ओतलेला असतो. तो जड आणि कडक असतो, थंडीत आणखी कडक होतो आणि धक्का जवळजवळ तसाच नडगीपर्यंत पोहोचवतो. दोन हजारांत नामांकित ब्रँडचे धावण्याचे साधे मॉडेल मिळू शकते, विशेषतः नवे मॉडेल आल्यावर सवलतीत निघालेले मागच्या वर्षीचे. डेकॅथलॉनसारख्या दुकानांतही या किमतीत धावण्यासाठीच बनवलेले बूट असतात. नावापेक्षा या गोष्टी हाताने तपासा. तळाचा मधला फोमचा थर बाजूने अंगठ्याने दाबा, तो दबून लगेच वर आला पाहिजे. टाच आणि टोक धरून बूट वाकवा, तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर ठेवून द्या. टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबा, ती सहज चेपता कामा नये. यूके ८ नंबरचा एक बूट २३० ते २८० ग्रॅमच्या आसपास असला की भरतीच्या कामाला उत्तम. खाली जमिनीला लागणारा रबराचा थर हवा. नुसत्या फोमचा तळ डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्यात घसरतो.

जाड, मऊ, गादीसारखे बूट मात्र टाळा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात : मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे तुमच्या बुटाला जोरात धावायचे आहे आणि गोळा फेकताना जमिनीवर घट्ट उभेही राहायचे आहे. उंच मऊ तळावर पाय डुलतो आणि १०० मीटरच्या सुरुवातीला रेटा फुकट जातो. स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) चालतील का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत आणि सूचनांत पाहूनच ठरवा. १६०० मीटरला त्यांची गरज नसते आणि सवय नसताना घातले तर पोटऱ्या धरतात.

अनवाणी धावण्याबद्दल : १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी अनवाणी जिंकली हे खरे, पण त्यांना अनवाणी धावायची आधीपासून सवय होती. तुम्ही हिरवळीच्या किंवा स्वच्छ मऊ मातीच्या मैदानावर आठवड्यातून दोनदा ६०-८० मीटरच्या चार-पाच हलक्या धावा अनवाणी घेतल्या, तर तळव्याचे स्नायू बळकट होतील. डांबरी रस्त्यावर किंवा बाभळीच्या काट्यांच्या वाटेवर ते करू नका आणि नडगी दुखत असताना तर नकोच.

सरावाचेही सांगायला हवे, कारण महिन्याभरात नडग्या दुखल्या त्यात बुटाचा वाटा अर्धाच आहे. दोन आठवडे धावणे निम्मे करा आणि शक्य तेवढे मातीवर करा. एका दिवसात पहाटेही आणि संध्याकाळीही जोरात धावू नका. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करा, १५-१५ चे तीन संच, दिवसाआड. नवे बूट चाचणीच्या किमान महिनाभर आधी घ्या. चाचणीच्या दिवशी कोरे करकरीत बूट घालून येणाऱ्या मुलांची टाच पहिल्या चारशे मीटरमध्येच सोलवटते.

प्रश्न : साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉननंतर दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. बुटांचा नंबर बरोबर आहे, सपाट रस्त्यावर काही होत नाही. (वाचक, कराड)

या शर्यतीतला यवतेश्वर घाट चढताना नखांना काही होत नाही, उतरताना होते. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकावर आपटतो. आठ-दहा किलोमीटर हे चालू राहिले की नखाखाली रक्त साकळते.

उपाय टाच जागेवर धरून ठेवण्यात आहे. बहुतेक बुटांना वर घोट्याजवळ एक जादा भोक असते आणि लोक ते रिकामे सोडतात. नाडी नेहमीसारखी ओवून या भोकाच्या आधीपर्यंत आणा. मग डावीकडची नाडी डावीकडच्याच जादा भोकातून बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. छोटा फासा राहू द्या. उजवीकडेही तसेच करा. आता डावे टोक उजव्या फाशातून आणि उजवे टोक डाव्या फाशातून काढा, दोन्ही टोके खाली आणि बाहेर ओढून घट्ट करा आणि गाठ मारा. घोट्याला आवळते, चवड्याला मोकळे राहते. नाडी खालपासून वरपर्यंत सगळीच करकचून बांधली, तर पावलाच्या वरच्या बाजूच्या नसा दबतात आणि बोटे बधिर होतात.

नखे शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा. इतके करूनही त्रास झाला, तर घाटाच्या धावेसाठी अर्धा नंबर मोठा बूट पाहा. काळे नख ठणकत असेल तर घरी सुईने टोचू नका, डॉक्टर स्वच्छतेने निचरा करून देतात. दुखत नसेल तर ते हळूहळू वाढून निघून जाते. अंगठ्याचे पूर्ण नख नवे यायला वर्ष-दीड वर्षही लागते.

घाटासाठी बूट निवडताना ‘ड्रॉप’ पाहा. टाचेखालचा आणि चवड्याखालचा तळ यांच्या उंचीतला हा फरक. तो ८ ते १२ मि.मी. असला तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर भार कमी येतो, गुडघ्याकडे थोडा जास्त जातो. ४ मि.मी. किंवा कमी असला तर उलट. चढणीवर पोटरीला आधीच ताण असतो, त्यात अचानक कमी ड्रॉपचे बूट घातले की टाचेमागची शीर धरते. बदल करायचाच असेल तर आठवड्यातल्या एका छोट्या धावेपासून सुरुवात करून सहा-आठ आठवड्यांत करा.

प्रश्न : मुंबई मॅरेथॉनसाठी कार्बन प्लेटचे (तळात कडक पट्टी असलेले) शूज घ्यावेत का? माझी वेळ पाच तास वीस मिनिटे आहे. (वाचक, ठाणे)

केनियाचे धावपटू एलियुड किपचोगे यांनी १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर कापले तेव्हा त्यांच्या पायात असेच बूट होते. त्यानंतर या बुटांची लाट आली. पुढे वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मि.मी.पर्यंत आणि आत एकच कडक प्लेट, अशी मर्यादा घातली. या बुटांचा मोठा फायदा त्यातल्या पीबा नावाच्या हलक्या, उसळत्या फोममुळे मिळतो आणि प्लेट त्या उंच मऊ फोमला ताठ ठेवते. वेगात दाबले की तो जास्त परत देतो. तुमचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. या वेगाला फायदा कमी होतो आणि तोटे तसेच राहतात : अरुंद टाच, वळणावर डुलणारा उंच तळ, पोटरीवर आणि पावलाच्या मधल्या हाडांवर वेगळा भार. पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाला ताणाने चीर गेल्याची उदाहरणे या बुटांच्या संदर्भात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पाय थकलेले असतात, पावले आडवी-तिडवी पडू लागतात आणि अशा वेळी रुंद, स्थिर तळच सांभाळून घेतो. रोजच्या सरावाचा चांगल्या कुशनचा एक जोड, २०० किलोमीटरच्या आत वापरलेला, तुमच्यासाठी योग्य. तरीही मन होत असेल तर आधी दोन टेम्पो रन (सलग, जरा जोरकस वेगाच्या धावा) आणि एक २५ किलोमीटरचा लाँग रन त्याच बुटांत करा. टाच, पोटरी किंवा पावलाची वरची बाजू दुखली, तर शर्यतीला घालू नका.

प्रश्न : पावसाळ्यात धावायला वॉटरप्रूफ शूज घ्यावेत का? (वाचक, रत्नागिरी)

कोकणच्या पावसासाठी नको. वॉटरप्रूफ कापड बाजूने पाणी अडवते, पण घोट्यातून आत गेलेले पाणी त्याच कापडामुळे बाहेर पडत नाही. बूट भरलेल्या डबक्यासारखा जड होतो आणि भिजलेल्या कातडीला फोड येतात. पातळ जाळीचा बूट भिजतो, निथळतो आणि लवकर वाळतो. सुती मोजे टाळा, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे पातळ मोजे घाला.

पकड हा पावसातला खरा प्रश्न. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर कुठलाच बूट भरवशाचा नसतो, तिथे पाऊल लहान करा. लाल मातीच्या चिखलात ४-५ मि.मी. उंच खाचांचा ट्रेलचा (कच्च्या वाटांसाठीच्या बुटाचा) तळ धरतो. सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर मात्र याच उंच खाचा कमी पडतात, कारण दगडाला टेकणारे रबर कमी असते. तिथे मऊ, चिकट रबराचा आणि बुटक्या खाचांचा तळ बरा. शेवाळावर दोन्ही घसरतात. चालत जा.

घरी आल्यावर इनसोल काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवले की गोंद सुटतो आणि फोम आखडतो.

प्रश्न : बाळंतपणानंतर आठ महिन्यांनी पुन्हा धावायला सुरुवात करतेय. जुने बूट आवळतात. वजन तर पूर्वीइतकेच आहे. (वाचक, पुणे)

पाय खरोखर लांबला असण्याची शक्यता मोठी आहे. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, वजन वाढते, कमान थोडी खाली बसते आणि पाऊल काही मिलिमीटर लांब होते. पहिल्या बाळंतपणात हे जास्त दिसते आणि बऱ्याच जणींत कायम राहते. जुन्या नंबरवर विसंबू नका, नव्याने माप घ्या. मधल्या काळात पाय धावण्याला सरावलेले नाहीत, त्यामुळे मध्यम कुशनचा, रुंद टाचेचा बूट घेऊन धावणे आणि चालणे आलटून-पालटून करा.

प्रश्न : वय ५८, बारा वर्षे मधुमेह. डॉक्टरांनी हलके जॉगिंग करायला परवानगी दिली आहे. बुटांत काय पाहावे? (वाचक, सोलापूर)

आधी पायाची संवेदना तपासून घ्या. दवाखान्यात नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहतात. तो जाणवत नसेल तर बूट टोचतोय हेही तुम्हाला कळणार नाही, तेव्हा निवड आणि सराव दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आत कुठेही उठलेली शिवण नसलेला, चवड्याला मोकळा आणि खोलगट बूट घ्या. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवा, खडा किंवा दुमडलेला इनसोल हाताला लागतो. मोजे पांढरे किंवा फिकट घाला, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास घरातच घाला, काढून पाय पाहा. लाल झालेली जागा वीस-तीस मिनिटांत पूर्ववत झाली नाही, तर तो बूट परत करा.

प्रश्न : तळ झिजलेला नाही, तरी बूट बदलायला हवेत का? एक न वापरलेला जोड सहा वर्षे माळ्यावर आहे, तो काढू का? (वाचक, नागपूर)

तळाचे रबर टिकते, मधला फोम आधी बसतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर हे माप धरतात. वजन जास्त असेल किंवा सगळे धावणे डांबरावर असेल तर ५०० च्या जवळचा आकडा. खूण अशी : फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडतात आणि दाबल्यावर त्या उघडत नाहीत. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर टाच एका बाजूला कललेली दिसते. नेहमीच्या धावेनंतर गुडघा किंवा नडगी विनाकारण कुरकुरायला लागते. इनसोलवर मागे तारीख लिहून ठेवा, किलोमीटरचा हिशोब सोपा जातो. आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस धावत असाल तर दोन वेगळ्या मॉडेलचे जोड आलटून-पालटून वापरा. पायावर रोज एकाच जागी भार येत नाही आणि प्रत्येक जोड पूर्ण वाळतो.

माळ्यावरच्या जोडाचा गोंद उष्णतेने आणि दमटपणाने कमकुवत झालेला असू शकतो. तळ पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून ठिसूळ होतो आणि पहिल्याच लांब धावेत तुकडे होऊन गळतो. ट्रेकचे जुने बूट गडावर तळ सोडतात ते याचमुळे. दोन्ही हातांनी तळ आणि कापड विरुद्ध दिशांना ओढून पाहा, तळ वाकवून भेगा पाहा. ठीक वाटला तरी आधी घराजवळ दोन-तीन किलोमीटर धावा, खिशात रिक्षाचे पैसे ठेवून.